ओसरीवर काय ठेवावे?

आता तालुक्याच्या शाळेचे, पतसंस्थेचे, वाचनालयाचेही संकेतस्थळ असते. ते काढताना रंग कोणता, अध्यक्षांचा फोटो केवढा, यावर बैठकीत तासभर चर्चा होते. पण सर्व्हरवर आपल्या फायली कुठल्या फोल्डरात राहणार, हे कुणी विचारत नाही. अशा संस्थांची स्थळे सांभाळण्याचे काम मी करतो आणि माझ्या मते पहिली चर्चा याचीच व्हायला हवी.

जुना वाडा आठवा. ओसरीवर कुणीही येऊन टेकावे, माजघरात घरची माणसे आणि दागिने, खरेदीखते आतल्या खोलीत. सर्व्हरवरही एक फोल्डर असा ठरवलेला असतो की त्यात जे असेल ते जगाला दाखवायचे. त्याला 'डॉक्युमेंट रूट' म्हणतात. ही झाली ओसरी. गंमत अशी, की पुष्कळजण सगळा संसारच ओसरीवर मांडतात.

एका पतसंस्थेच्या स्थळावर मला 'बॅकअप' नावाचा फोल्डर आढळला. आत सभासदांची नावे, फोन आणि खातेक्रमांक यांची अख्खी प्रत होती. "पण त्याची लिंक कुठल्याच पानावर नाही," असे उत्तर मिळाले. लिंक नसली म्हणून काय झाले? फोल्डरात मुख्य पान नसेल आणि यादी दाखवण्याची सोय बंद केलेली नसेल, तर सर्व्हर स्वतःच आतल्या फायलींची यादी करून समोर ठेवतो. शिवाय 'बॅकअप', 'ओल्ड', 'टेस्ट' अशी नेहमीची नावे रात्रंदिवस चाचपून पाहणारे प्रोग्रॅम असतात. काहीजण 'रोबोट्स' नावाच्या फायलीत 'या फोल्डरात येऊ नका' असे लिहून ठेवतात. हा संकेत १९९४ पासूनचा; सर्च इंजिने तो सहसा पाळतात. पण ती फाईल कुणालाही वाचता येते, म्हणजे चोराला आपणच तिजोरीची दिशा सांगितल्यासारखे!

तसेच डेटाबेसच्या पासवर्डचे. तो बहुधा एका पीएचपी फायलीत असतो. अशी फाईल सर्व्हर चालवतो आणि फक्त निकाल बाहेर पाठवतो, म्हणून मजकूर झाकलेला राहतो. पण कुणी दुरुस्तीपूर्वी तिची प्रत काढून नावापुढे 'बॅक' किंवा 'ओल्ड' जोडले, की सर्व्हर तिला साधा मजकूर समजतो आणि पासवर्डसकट मागेल त्याला देऊन टाकतो. म्हणून ही फाईल डॉक्युमेंट रूटच्या बाहेर, वरच्या फोल्डरात ठेवावी. प्रोग्रॅमला ती तिथूनही वाचता येते. ब्राउझरला मात्र तिचा पत्ताच नसतो. बॅकअप तर त्या यंत्रावरच नको.

आता परवानग्या. लिनक्समध्ये वाचण्याचे ४, लिहिण्याचे २ आणि चालवण्याचे १. मालक, त्याचा गट आणि इतर, अशा तिघांसाठी या आकड्यांची बेरीज लिहितात. फायलींना ६४४ आणि फोल्डरांना ७५५ सहसा पुरे. फोल्डरच्या बाबतीत तो १ म्हणजे आत शिरण्याची मुभा. काही अडले की ७७७ करून मोकळे होण्याची एक वाईट खोड आमच्या धंद्यात आहे. त्याचा अर्थ, यंत्रावरच्या कुणीही तिथे काहीही लिहावे! लिहिण्याची मुभा फक्त लोकांनी पाठवलेले फोटो, अर्ज साठवण्याच्या फोल्डराला द्यावी आणि तिथे एकही प्रोग्रॅम चालणार नाही अशी तजवीज करावी. नाहीतर फोटोच्या जागी कुणी प्रोग्रॅम पाठवतो आणि आपलाच सर्व्हर तो चालवतो.

एवढे करूनही खुद्द सर्व्हरमध्येच चूक निघाली तर? तसे घडले आहे. २०२१ मध्ये अपाची सर्व्हरची २.४.४९ ही आवृत्ती आली. पत्त्यात दोन टिंबे विशिष्ट सांकेतिक रूपात लिहिली, की तिच्यात ओसरीवरून थेट आतल्या फोल्डरांत जाता येत होते. ऑक्टोबरमध्ये दुरुस्ती आली, तीही अपुरी ठरली आणि काही दिवसांतच २.४.५१ काढावी लागली. पण ज्यांनी संपूर्ण यंत्राला आधी 'प्रवेश नाही' लावून मग फक्त ओसरी उघडली होती, त्यांच्या फायली या वाटेने हाती लागल्या नाहीत. ही एक ओळ सेटिंगमध्ये आहे का, हे मी नवीन काम घेताना सर्वांत आधी पाहतो.

आपल्या संस्थेचे स्थळ असेल तर एक गोष्ट आजच करता येईल. स्थळावरच्या एखाद्या चित्राचा पत्ता ब्राउझरमध्ये उघडा, शेवटचे फायलीचे नाव खोडा आणि एंटर दाबा. 'मनाई आहे' अशा अर्थाचा संदेश आला तर ठीक. फायलींची यादी दिसली, तर स्थळ करून देणाऱ्याला उद्या सकाळीच फोन लावा.