विश्लेषण : टोर्नेडोत ‘मोबाइल होम’ इतकी जीवघेणी का ठरतात?

अमेरिकेच्या अलाबामा राज्यातील ली काउंटीत ३ मार्च २०१९ रोजी दुपारी आलेल्या टोर्नेडोने २३ जणांचा बळी घेतला. त्यापैकी १९ जण ‘मोबाइल होम’मध्ये होते. अमेरिकेतील एकूण घरांत अशा घरांचा वाटा जेमतेम पाच-सहा टक्के आहे. टोर्नेडोत घरात असताना मरण पावणाऱ्यांमध्ये मात्र निम्म्याहून अधिक लोक याच घरांतील असतात. वारा तोच असताना घराच्या प्रकाराने एवढा फरक का पडतो?

मोबाइल होम म्हणजे काय?

नावात ‘मोबाइल’ असले तरी ही घरे फिरती नसतात. कारखान्यात पोलादी चासीवर संपूर्ण घर तयार होते, ट्रकने ओढून जागेवर आणले जाते आणि काँक्रीटच्या ठोकळ्यांवर ठेवले जाते. त्यानंतर ते सहसा हलत नाही. साध्या घरापेक्षा ते बरेच स्वस्त असल्याने कमी उत्पन्न गटातील कुटुंबे आणि निवृत्त वृद्ध त्यात मोठ्या संख्येने राहतात. अनेकदा घर स्वतःचे आणि खालची जमीन भाड्याची, अशी स्थिती असते. हा मुद्दा पुढे महत्त्वाचा ठरतो.

घर उलटते कसे?

आपल्याकडे पावसाळ्याआधी पत्र्यावर दगड ठेवतात, त्यामागचे भौतिकशास्त्र इथेही लागू होते. छपरावरून वेगाने जाणारा वारा छप्पर वर खेचतो आणि भिंतीवर आदळणारा वारा घर बाजूला ढकलतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. पक्क्या घरात छप्पर, भिंती आणि पाया एकमेकांना जखडलेले असतात, त्यामुळे हे बल जमिनीत उतरते. मोबाइल होमला तसा पाया नसतो. चासीला बांधलेल्या पोलादी पट्ट्या आणि जमिनीत फिरवून रोवलेले अँकर, एवढाच त्याचा आधार. पट्टी गंजली किंवा ओल्या मातीतून अँकर उपटला, की अख्खे घर चासीसह उलटते. घराखालची पोकळी वाऱ्याच्या पथ्यावरच पडते.

टोर्नेडोची तीव्रता ‘ईएफ’ श्रेणीत ० ते ५ अशी मोजतात. पक्के घर पायावरून उडवायला बहुधा वरच्या श्रेणीचा टोर्नेडो लागतो. मोबाइल होम मात्र ‘ईएफ १’मध्ये, म्हणजे ताशी १३८ ते १७७ किलोमीटरच्या वाऱ्यातही उलटू शकते. म्हणूनच ‘घराच्या मधल्या, बिनखिडकीच्या खोलीत जा’ हा नेहमीचा सल्ला इथे कामाचा नाही. खोलीसकट घरच उलटणार असेल तर मधली खोली काय वाचवणार? अमेरिकी हवामान विभागाचा सल्ला त्यामुळे स्पष्ट आहे : मोबाइल होममध्ये थांबू नका, बाहेर पडा.

नियम नाहीत का?

आहेत. या घरांसाठी केंद्रीय बांधकाम संहिता जून १९७६ मध्ये लागू झाली. १९९२ च्या ‘अँड्र्यू’ चक्रीवादळात फ्लोरिडातील अशी घरे मोठ्या प्रमाणावर जमीनदोस्त झाल्यावर १९९४ मध्ये वाऱ्याचे निकष कडक करण्यात आले. पण ते किनारपट्टीच्या चक्रीवादळप्रवण पट्ट्यांसाठी. टोर्नेडोचा तडाखा बसणारा देशाचा आतला बहुतांश भाग सर्वांत सौम्य अशा ‘झोन १’मध्येच राहिला. ली काउंटीही त्यातच मोडते. शिवाय १९७६ पूर्वीची घरे आजही वापरात आहेत.

बाहेर पडून जायचे कुठे?

खरी अडचण ही आहे. जून २०२० मध्ये रायगडला ‘निसर्ग’ चक्रीवादळ धडकण्याआधी माणसे हलवायला वेळ मिळाला होता. टोर्नेडोच्या ‘वॉर्निंग’नंतर हाताशी सरासरी १० मिनिटांच्या आसपास वेळ उरतो. रात्री झोपेत असाल तर त्याहून कमी. मात्र त्याआधी काही तास ‘वॉच’ जाहीर होतो. ‘वॉच’ म्हणजे परिस्थिती अनुकूल आहे. ‘वॉर्निंग’ म्हणजे टोर्नेडो दिसला आहे किंवा रडारवर त्याची चिन्हे आहेत. पक्क्या घरातला माणूस ‘वॉर्निंग’ची वाट पाहू शकतो. मोबाइल होममधल्याने, विशेषतः घरात लहान मुले किंवा आजारी माणूस असेल तर, ‘वॉच’ लागताच निघायला हवे. एका मोसमात असे पाच-सहा ‘वॉच’ येऊन काहीच घडले नाही, की सातव्या वेळी कोण निघणार, हा प्रश्न उरतोच.

महामार्गावरील पुलाखाली आसरा घेणे हा एक घातक गैरसमज. तिथे वारा अधिक जोराने घुसतो. ओक्लाहोमात ३ मे १९९९ रोजी पुलांखाली थांबलेल्या तिघांचा मृत्यू झाला. पक्की इमारत गाठता येत नसेल, तर घरापासून दूर खोलगट जागी पालथे पडून डोके झाकणे हा शेवटचा उपाय. डोक्यावर हेल्मेट असेल तर उत्तम, मग ते सायकलचे का असेना.

निवारा किती मजबूत असतो?

टोर्नेडोचा निवारा ताशी सुमारे ४०० किलोमीटरच्या वाऱ्यासाठी बांधतात. वाऱ्याइतकीच भीती उडत्या वस्तूंची असते. म्हणून त्याच्या भिंतींवर आणि दारांवर जवळपास सात किलो वजनाचा लाकडी वासा ताशी १६० किलोमीटर वेगाने तोफेसारख्या यंत्रातून मारून पाहतात. टेक्सास टेक विद्यापीठात अशी चाचणी होते. निवारा जमिनीखालीच हवा असे नाही. काँक्रीटला घट्ट बोल्ट केलेली पोलादी खोलीही चालते.

मग निवारे कमी का?

मिनेसोटाच्या कायद्यानुसार १ मार्च १९८८ नंतर परवाना मिळालेल्या, १० किंवा अधिक घरांच्या मोबाइल होम वसाहतीत निवारा बंधनकारक आहे. बहुतेक राज्यांत असे बंधन नाही. केंद्रीय आपत्ती व्यवस्थापन संस्था ‘फेमा’च्या योजनांतून सामान्यतः ७५ टक्के खर्च मिळू शकतो, पण अर्ज, उरलेला २५ टक्के हिस्सा आणि देखभाल स्थानिक प्रशासनाच्या गळ्यात. भाड्याच्या जमिनीवर राहणाऱ्याला जमीनमालकाच्या संमतीविना खड्डाही खणता येत नाही.

मिनेसोटासारखा कायदा सगळीकडे केला तरी दक्षिणेत तो अपुरा पडेल. स्ट्रेडर आणि अ‍ॅशली यांच्या २०१८ मधील अभ्यासानुसार कॅन्ससमध्ये मोबाइल होम बहुतांशी वसाहतींत एकवटलेली आहेत. अलाबामात ती ग्रामीण भागात सुटी-सुटी विखुरलेली आहेत. वसाहतीत एक निवारा शंभर घरांना पुरतो. विखुरलेल्या घरांसाठी जवळची शाळा, चर्च किंवा अग्निशमन केंद्र हेच पर्याय उरतात. तिथली चावी रात्री दोन वाजता कोणाकडे असते, हे रहिवाशांना मोसम सुरू होण्याआधी विचारून ठेवावे लागते.