भरवशाचा जामीन

आमचे अब्बा सिनेमाचे शौकीन. कोल्हापूरकर म्हटल्यावर हे वेगळं सांगायला नकोच. व्ही. शांताराम यांचा १९५७ सालचा 'दो आँखें बारह हाथ' हा त्यांचा सगळ्यात लाडका सिनेमा. सहा खुनी कैदी, एक जेलर आणि ओसाड माळरान. अब्बा मला म्हणायचे, "बेड्या काढल्यावरही ती माणसं तिथंच का राहतात, ते बघ."

या सिनेमाची कथा ग. दि. माडगूळकरांची. गदिमा मूळचे माणदेशातले, आणि कथेचं बीजही तिथलंच. आजच्या सांगली जिल्ह्यात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची कैद्यांची वसाहत आहे. हा भाग पूर्वी औंध संस्थानात होता. सूर्यनमस्कारांचे प्रसारक म्हणून आपण ज्यांना ओळखतो त्या राजे भवानराव पंतप्रतिनिधींनी १९३९ मध्ये ही वसाहत वसवली. मॉरिस फ्रीडमन या मूळच्या पोलिश, गांधीविचारानं भारलेल्या इंजिनिअरची ही कल्पना. गंभीर गुन्ह्यात शिक्षा झालेल्या कैद्यांना इथं उंच भिंत नव्हती. घर होतं, शेत होतं, सोबत बायकामुलं होती. वसाहत आजही महाराष्ट्राच्या कारागृह विभागाकडे आहे.

यामागचं गणित साधं आहे. तुरुंग माणसाचे तीन धागे तोडतो : घराचा, कामाचा आणि गावातल्या पतीचा. शिक्षा संपवून तो बाहेर येतो तेव्हा धरायला काहीच उरलेलं नसतं. मग जुनी वाट तेवढी ओळखीची वाटते. खुल्या कारागृहात हे धागे शाबूत ठेवायचा प्रयत्न असतो. ज्याचं पीक रानात उभं आहे आणि लेकरू अंगणात खेळतंय, तो पळून कुठं जाईल?

आता याच्या उलट बाजूची गोष्ट सांगतो. आमच्या गल्लीत एक पोरगा होता. एका वर्कशॉपात लेथवर कामाला. चोरीच्या संशयावरून त्याला पकडलं. काही आठवड्यांत कोर्टानं जामीन मंजूरही केला; पण ऐपतीचा दाखला असलेला जामीनदार हवा होता. त्याची आई धुणंभांडी करणारी. तिला सातबारावाला जामीनदार कोण मिळणार? जामीन मंजूर होऊनही पोरगा आठ महिने आत राहिला. पुढं निर्दोष सुटला, तोवर लेथवर दुसरा माणूस उभा होता. मला म्हणाला, "चाचा, कोर्टानं सोडलं, पण गल्लीनं कुठं सोडलंय?"

आता ही दोन चित्रं शेजारी ठेवून बघा. गुन्हा शाबीत झालेल्याला आपण शेत राखायला देऊ शकतो, आणि गुन्हा शाबीत न झालेल्याला, केवळ जामीनदार नाही म्हणून, कुलपात ठेवतो. अशा कच्च्या कैद्यांची संख्या थोडी नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत ५ लाख ७३ हजार माणसं होती; त्यांतली ४ लाख ३४ हजार कच्चे कैदी, म्हणजे चारांतले तीन. या प्रत्येकाला सोडावं असं मी म्हणत नाही. कुणी साक्षीदाराला धमकावेल, कुणी पुन्हा गुन्हा करेल. ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्या जिवाचीही काळजी घ्यायला हवी. पण धोका किती आहे हे जामीनदाराच्या सातबाऱ्यावरून कसं कळणार?

सर्वोच्च न्यायालयानं हा प्रश्न १९७८ मध्येच विचारला होता. मोतीराम नावाच्या मध्य प्रदेशातल्या गरीब गवंड्याकडे दहा हजारांचा जामीनदार मागितला गेला. भाऊ उभा राहिला, तर त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून तो नाकारला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी खालच्या कोर्टाची ही अट चुकीची ठरवली, आणि गरिबाला जातमुचलक्यावरही सोडता येतं, हे स्पष्ट केलं.

मग भरवसा मोजायचा कसा? न्यूयॉर्कमध्ये १९६१ साली एक प्रयोग झाला. आरोपीला पैशांऐवजी प्रश्न विचारले गेले : किती वर्षं इथं राहतोस? काम काय करतोस? घरी कोण आहे? उत्तरं पडताळून, योग्य वाटलेल्यांना नुसत्या शब्दावर सोडावं, अशी शिफारस कोर्टाला केली. तीन वर्षांत हजारो माणसं अशी सुटली. तारखेला मुद्दाम गैरहजर राहिलेले शंभरात दोनसुद्धा नव्हते. त्यातूनच १९६६ मध्ये अमेरिकेत जामीन सुधारणेचा कायदा आला. आटपाडीच्या माळावरचं उत्तर न्यूयॉर्कलाही सापडलं : माणसाला बांधून ठेवतं ते त्याचं घर आणि काम.

आपल्याकडे १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ नं एक वाट उघडली आहे. याआधी कुठल्याही गुन्ह्यात दोषी न ठरलेल्या कच्च्या कैद्यानं त्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ तुरुंगात काढला, तर त्याला बंधपत्रावर सोडावं, आणि त्यासाठी तुरुंगाच्या अधीक्षकानंच कोर्टाकडे अर्ज करावा, असं हे कलम सांगतं. फाशी किंवा जन्मठेपेचे गुन्हे, तसंच ज्यांच्यावर अनेक खटले चालू आहेत ते, यातून वगळले आहेत. जुन्या खटल्यांनाही हे कलम लागू आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट २०२४ मध्ये सांगितलं. तुमच्या माहितीत असं कुणाचं माणूस आत असेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कचेरीत जा. तिथं तुरुंगातल्या माणसाला वकील मोफत मिळतो.

कायद्याचं काम कायदा करील. पण सुटून आलेल्या माणसाला लेथवर पुन्हा उभं करायचं की नाही, हे कुठलंच कलम ठरवत नाही. तो जामीन तुम्हाआम्हालाच राहायचा आहे.