चार फुटांपलीकडचा उपास

उरुळी कांचनच्या परिसरात सोलापूर रस्त्याला नर्सऱ्यांची रांगच लागते. दर्शनी बाजूला जास्वंदी, बोगनवेल, कलमी आंबे. गाडी थांबवून माणसं तिथूनच खरेदी करतात आणि पुढं जातात. मला बघायची होती ती मागची बाजू, जिथं पुण्यातल्या ऑफिसांना भाड्यानं दिलेल्या कुंड्या परत येतात. हिंजवडीच्या एका काचेच्या इमारतीसमोर भल्या सकाळी एक टेम्पो उभा दिसला होता. त्यातून तुकतुकीत पानांच्या कुंड्या उतरत होत्या आणि तेवढ्याच पिवळट, मलूल कुंड्या वर चढत होत्या. दिवस सुरू व्हायच्या आत लॉबी पुन्हा हिरवीगार झाली होती. मग त्या मलूल कुंड्यांचं पुढं काय होतं, हे डोक्यातून जाईना.

त्या येतात मावशींकडे. निम्मं आयुष्य नर्सरीत काढलेल्या या बाईंच्या ताब्यात दुहेरी शेडनेटखालचा एक लांबट पट्टा आहे. आत शिरताच ओल्या कोकोपीटचा वास येतो आणि त्याच्या तळाशी आणखी एक, आंबूस, नाकात बसणारा. परत आलेल्या कुंड्यांची कुजलेली मुळं. नेट सोडून बाहेर आल्यावरही तो वास माझ्या हाताला होता.

टेम्पोतून कुंडी उतरली की मावशी खोड हातात धरतात आणि दोन पानांमधल्या पेरावर बोटं ठेवतात. माझ्यासमोर त्यांनी एक सिंगोनियम घेतलं. बुडाशी, म्हणजे नर्सरीत वाढलेल्या भागात, पेरं दोन-दोन बोटांची. वर जावं तशी तीन बोटं, मग चार. शेंड्याची पानं लहान, फिकी, देठ बारीक, आणि सगळा शेंडा एकाच अंगाला कललेला.

"हे आत व्हतं," मावशी म्हणाल्या. "खिडकी ह्या अंगाला, पण लांब. चार फुटाच्या आत असतं तर असं लांबलं नसतं. खिडकीपासनं चार फूट, ताई. त्याच्या पुढं उपास."

त्या इमारतीत मावशी कधी गेलेल्या नाहीत. तरी कुंडी कुठं होती, उजेड कुठल्या बाजूनं येत होता, हे त्या पेरांवरून सांगतात. आणि ते बरोबर असतं, कारण झाडानं ते लिहूनच ठेवलेलं असतं. वाढीचं संप्रेरक, ऑक्सिन, खोडाच्या सावलीकडच्या बाजूला जास्त साठतं. त्या बाजूच्या पेशी जास्त लांबतात आणि शेंडा उजेडाकडे वळतो. उजेड कमी पडला की झाड पानं भरण्याऐवजी खोड ताणतं. लांबलेलं पेर पाहून घरात पुष्कळांना आनंद होतो, झाड वाढलं म्हणून. मावशींना त्यात भूक दिसते.

ती भूक आपल्याला का दिसत नाही? आपले डोळे फार समजूतदार आहेत, हे त्याचं कारण. भर दुपारचं उघड्यावरचं ऊन साधारण १,००,००० लक्स भरतं. ऑफिसात टेबलावर काम करायला ३०० ते ५०० लक्स पुरतात. म्हणजे बाहेरच्या उन्हाचा दोनशेवा-तीनशेवा हिस्सा, आणि तरी आपण तिथं आरामात वाचतो, लिहितो आणि 'काय छान उजेड आहे' म्हणतो. डोळ्याची बाहुली मोठी होते, दृष्टिपटल जुळवून घेतं, मेंदू फरक बुजवून टाकतो. पानाला ही सोय नाही. त्याच्यावर जेवढे प्रकाशकण पडतील तेवढीच साखर तयार होणार.

खिडकीपासून मागं सरकलं की कुंडीला दिसणारा आभाळाचा तुकडा झपाट्यानं लहान होतो. काचेलगत हजारोंत असलेला आकडा खोलीच्या मध्यापर्यंत काहीशेवर येतो. त्यात काच रंगीत किंवा आरशासारखी असेल तर बराचसा उजेड बाहेरच अडतो. मावशींचे चार फूट काही प्रयोगशाळेतून आलेले नाहीत. कुंड्या परत घेता घेता ते ठरलेत. साध्या काचेच्या, मोकळ्या खिडकीला ते बहुतेक वेळा लागू पडतात, आणि टेप घेऊन घर मोजायला तेवढं पुरेसं आहे.

आंबूस वासाचं मूळही याच चार फुटांत आहे. उजेड कमी, तर पानांचं काम कमी, आणि पाण्याचा खपही कमी. पण ऑफिसात पाणी घालायचे वार ठरलेले असतात; काचेलगतची कुंडी असो की लिफ्टजवळची, दोघींना सारखंच पाणी मिळतं. लिफ्टजवळचं कोकोपीट सुकतच नाही, मुळांना हवा मिळत नाही आणि बुरशीजन्य रोग मुळं खातात. वर पानं पिवळी पडली की कोणीतरी आणखी पाणी घालतं. मावशी अशी मुळं कात्रीनं छाटतात, पांढरी टणक तेवढी ठेवतात, नव्या कोकोपीटमध्ये झाड बसवतात. पाच कुंड्यांतली एखादी सरळ खताच्या खड्ड्यात जाते. ती टाकताना त्या बोलत नाहीत.

दिवसभरात पान जी साखर बनवतं त्यातून झाडाचा रात्रंदिवसाचा श्वसनाचा खर्च भागला पाहिजे. जमा-खर्च जेमतेम जुळेल इतकाच उजेड मिळाला तर झाड जगतं, वाढत नाही. त्याहून कमी मिळाला तर ते साठ्यावर जगतं, जुनी पानं मोडीत काढतं. आणि हिशेब सबंध आठवड्याचा असतो: शुक्रवारी रात्री ऑफिसचे दिवे विझले की खिडकीपासून लांबच्या कुंडीला सोमवारपर्यंत अंधार.

इथं मला 'लो लाइट प्लांट' या विक्रीच्या शब्दाबद्दल तक्रार करायची आहे. झेडझेड, स्नेक प्लांट, ॲग्लोनिमा, मनी प्लांट या झाडांना अंधार आवडतो, असं ग्राहकाला सुचवलं जातं. ॲग्लोनिमा आग्नेय आशियातल्या जंगलांच्या तळाशी वाढतं, हे खरं. तिथं पोचणारा उजेड वरच्या उन्हाच्या एक-दोन टक्के असतो, हेही खरं. पण पानांच्या फटींतून सरकत जाणारे उन्हाचे कवडसे तिथं अधूनमधून पडतात आणि दिवसाच्या कमाईत त्यांचा वाटा मोठा असतो. लॉबीत कवडसा येत नाही. पूर्व आफ्रिकेतलं झेडझेड जमिनीखालच्या जाड गड्ड्यांत पाणी आणि अन्न साठवतं, म्हणून अंधाऱ्या कोपऱ्यात महिनोन् महिने आहे तसं दिसतं. मावशींनी एका झेडझेडची कुंडी उपडी करून गड्डा दाबून दाखवला. वर पान हिरवं होतं, खाली गड्डा बोटाखाली दबत होता. "ह्ये बोलत न्हाई लवकर," त्या म्हणाल्या. ही झाडं सोशीक आहेत. सोशीकपणाला आवड म्हणून विकणं मला अन्यायाचं वाटतं.

नेटखालची वाढही सरधोपट नसते. बाजारात शेडनेट टक्क्यांवर मिळते: ५०, ७५, ९०. नव्वदची नेट नव्वद टक्के ऊन अडवते, म्हणजे भर दुपारीही खाली सुमारे १०,००० लक्स उरतात. नव्या कुंड्या इथं पन्नासखालून पंचाहत्तरखाली आणि शेवटी नव्वदखाली आणतात, खत कमी करतात, आणि मगच शहरात धाडतात. या सावकाशीमागचं शास्त्र १९७०च्या दशकात फ्लोरिडा विद्यापीठाच्या अपॉप्का इथल्या केंद्रात चार्ल्स कोनोव्हर आणि रिचर्ड पूल यांनी पक्कं केलं. भर उन्हात वाढलेलं फायकस बेंजामिना घरात नेलं की पानं ढाळतं. तेच आधी सावलीला सरावलं असेल तर गळ कितीतरी कमी होते. सावलीत फुटलेलं पान रुंद आणि पातळ असतं, त्याचा श्वसनाचा खर्च कमी असतो, थोड्या उजेडात ते भागवून घेतं. सरावाची ही आठवडे-महिने खाणारी पायरी घाईच्या धंद्यात पहिली गळते, आणि घरी आणलेलं झाड महिनाभरात का झडलं हे गिऱ्हाइकाला कधीच कळत नाही.

परतीची वाटही तितकीच हळू हवी. ऑफिसात मलूल झालेल्या झाडाची दया येऊन ते थेट गच्चीवरच्या उन्हात ठेवलं, तर सावलीची पातळ पानं एका दुपारीत करपतात आणि पांढरट तपकिरी डाग कायमचे राहतात. मावशी म्हणूनच परत आलेली कुंडी आधी दुहेरी नेटखाली ठेवतात, आणि ओल्या फडक्यानं एकेक पान पुसतात, वरून आणि खालून. फडकं काळं होतं. धुळीचा थर म्हणजे पानावरची आणखी एक नेटच.

घरासाठी मी त्यांना विचारलं, तेव्हा पुन्हा तेच: "चार फूट. आन् पच्चिमेचं ऊन अंगावर नको." पूर्वेची खिडकी त्यांच्या मते सगळ्यांत भली, सकाळचं कोवळं ऊन पानं सोसतात. परदेशी पुस्तकांतले दक्षिण-उत्तरेचे नियम आपल्याकडे जसेच्या तसे चालत नाहीत. पुणे साडेअठरा अंशांवर आहे. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य इथं डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. दक्षिणेच्या खिडकीतून तेव्हा थेट ऊन आत येत नाही. डिसेंबरात तोच सूर्य दुपारी ४८ अंशांवर उतरतो आणि दक्षिणेच्या खिडकीतून थेट फरशीवर येतो. म्हणून कुंडीची जागा वर्षभर एकच असू नये. पावसाळ्यात ढगांमुळे आतला उजेड आणखी घटतो. तेव्हा कुंडी काचेजवळ सरकवायची आणि पाणी हात राखून द्यायचं.

आणि जिथं खिडकीच नाही तिथं दिवा. त्यासाठी जांभळा प्रकाशच हवा असं नाही. चांगला पांढरा एलईडी पुरतो, मात्र तो छतात नको, पानांच्या वर हात-दीड हातावर हवा आणि रोज बारा तास जळायला हवा. अंतर दुप्पट झालं की लहान दिव्याचा उजेड चौथ्या हिश्श्यावर येतो.

ऑफिस सजवताना वायरमन येतो, सुतार येतो, एसीवाला येतो. प्रत्येकाला जागा विचारली जाते. कुंडी कुठं ठेवायची ते मात्र चित्रात आधीच ठरलेलं असतं, आणि ते चुकल्याची किंमत झाडं आणि मावशींची बोटं भरतात. त्या चित्रावर रंग भरण्याआधी उजेड ओळखणाऱ्या माणसाला त्या जागेत एकदा उभं करावं. खिडकीपासून चार फूट आखावेत. त्यापलीकडे कुंडी हवीच असेल तर तिच्यासाठी वेगळा दिवा बसवावा आणि शनिवार-रविवारीही तो लावणारा टायमर. एवढं करायची तयारी नसेल तर तो कोपरा रिकामा राहू द्यावा. रिकाम्या कोपऱ्यात वाईट काही नाही. उपाशी झाड महिन्या-महिन्यानं बदलत राहण्यात आहे.