दुष्काळ, वियोग आणि श्रद्धेचे नवे आकलन : पंडिता रमाबाईंच्या संदर्भात

धर्मस्वीकार आणि श्रद्धेचा प्रत्यय या भिन्न गोष्टी होत, हे पंडिता रमाबाईंच्या (१८५८–१९२२) चरित्रावरून स्पष्ट होते. १८७० च्या दशकातील दुष्काळात त्यांचे आई-वडील निवर्तले. १८८२ मध्ये वैधव्य आले. १८८३ मध्ये त्यांनी इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. तथापि आपणास ख्रिस्ती धर्म लाभला, ख्रिस्त अद्याप नाही, ही जाणीव त्यांना सुमारे आठ वर्षांनी झाली. १८९३ मध्ये धर्मांतराच्या आरोपामुळे पालकांनी शारदा सदनातून अनेक मुली काढून नेल्या. तरीही १८९६–९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातील शेकडो निराधार मुलींना त्यांनी आश्रय दिला. केडगावचे ‘मुक्ती’ त्यातूनच विस्तारले. स्वतः सोसलेल्या भुकेची स्मृती अशा रीतीने त्यांच्या पुनर्जागृत श्रद्धेत सेवेची प्रेरणा ठरली.