सांगोल्याचे गणपतराव : अकरा निवडणुका, एक मतदारसंघ, एक पक्ष

शेतकरी कामगार पक्षाचे गणपतराव देशमुख १९६२ मध्ये सांगोल्यातून पहिल्यांदा विधानसभेवर निवडून गेले आणि २०१४ मध्ये अकराव्यांदा. या काळात त्यांनी पक्ष बदलला नाही, मतदारसंघही बदलला नाही. १९७२ आणि १९९५ च्या दोन पराभवांनी ही मालिका मध्ये तुटली. १९९५ चा पराभव तर अवघ्या १९२ मतांचा होता. एरवी पन्नास वर्षांहून अधिक काळ सोलापूर जिल्ह्यातल्या या दुष्काळी तालुक्याने विधानसभेत त्यांनाच धाडले.

मोहोळ तालुक्यातले पेनूर हे त्यांचे जन्मगाव. वकिलीचे शिक्षण घेऊन ते सांगोल्यात आले, ते डाव्या विचारांच्या शेतकरी चळवळीतून. केशवराव जेधे, शंकरराव मोरे यांच्या पुढाकाराने १९४७ मध्ये स्थापन झालेला शेकाप तेव्हा काँग्रेससमोरचा खरा विरोधक होता. १९६२ च्या निवडणुकीत पक्षाचे १५ आमदार आले आणि विरोधी पक्षनेतेपद शेकापच्याच कृष्णराव धुळपांकडे गेले. पुढे १९७७-७८ मध्ये गणपतरावांनीही ती जबाबदारी सांभाळली. पक्षाचे नेतृत्व बहुतांशी मराठा समाजातल्या शेतकरी घराण्यांकडे होते. धनगर समाजातून आलेल्या गणपतरावांनी सर्व जातींच्या मतांवर इतकी वर्षे निवडून येणे ही त्यामुळेच मोठी गोष्ट ठरते.

सत्तेचा वाटा त्यांच्या कारकिर्दीत थोडाच आला. १९७८ मध्ये शरद पवारांच्या पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) मंत्रिमंडळात आणि १९९९ नंतर विलासराव देशमुखांच्या आघाडी सरकारात ते मंत्री होते. पुलोद सरकार १९८० च्या फेब्रुवारीत बरखास्त झाले. दुसऱ्या वेळी २००२ मध्ये रायगडमधल्या वादातून शेकापने पाठिंबा काढून घेतला. दोन्ही काळ मिळून पाच वर्षेही भरत नाहीत. बाकीची सगळी वर्षे विरोधी बाकांवर गेली आणि या कारकिर्दीचे वजन तिथेच घडले. विरोधी आमदाराकडे निधी नसतो, खाते नसते. प्रश्न, लक्षवेधी, कपात सूचना आणि अर्थसंकल्पावरचे भाषण एवढीच त्याची हत्यारे. गणपतरावांनी ती पाणी, दुष्काळ, शेतमालाचे भाव आणि रोजगार हमी या मोजक्या विषयांवर वर्षानुवर्षे चालवली. एसटीने प्रवास करणारा आमदार ही त्यांची ओळख सर्वदूर पोचली, मात्र तेवढ्यावर कोणी अकरा वेळा निवडून येत नाही.

सांगोल्याचे राजकारण पाण्याभोवती फिरते. माण नदीच्या खोऱ्यातल्या या तालुक्यात वर्षाचा पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही बेभरवशाचा. जमीन हलकी, मुरमाड. बच्छावत लवादाने १९७६ मध्ये कृष्णेचे ५६० टीएमसी पाणी महाराष्ट्राला दिले. ते अडवून वापरण्यासाठी मुदत होती २००० सालच्या मेपर्यंत. पाणी अडले नाही तर हक्क धोक्यात येणार होता. नव्वदच्या दशकात क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी, डॉ. भारत पाटणकर आणि गणपतराव यांनी कृष्णा खोऱ्यातले तेरा दुष्काळी तालुके एकत्र आणले. आटपाडीला दरवर्षी पाणी परिषद भरू लागली. चळवळीची मागणी साधी होती, पण मुळावर घाव घालणारी होती : धरणाच्या लाभक्षेत्राबाहेर राहिलेल्या गावांनाही पाणी उचलून द्यावे आणि ते समन्यायी पद्धतीने वाटावे. टेंभू आणि म्हैसाळ या उपसा योजना सांगोल्याच्या शिवारापर्यंत येण्यामागे या रेट्याचा मोठा हात आहे. योजना कागदावरून कालव्यात उतरायला मात्र दशके गेली. निधी तुटपुंजा, वीजबिल थकलेले, शेवटच्या गावापर्यंत पाणी न पोचणे, ही दुखणी प्रत्येक परिषदेत पुन्हा पुन्हा मांडावी लागली.

पाणी येईपर्यंत हातावर हात धरून बसता येत नव्हते. कमी पाण्यावर तग धरणाऱ्या बोर आणि डाळिंबाच्या बागा तालुक्यात पसरल्या. सांगोल्याचे डाळिंब परदेशी बाजारात गेले. जोडीला सहकारी सूतगिरणी उभी राहिली आणि पाठोपाठ महिलांचीही सूतगिरणी झाली. कापसाचा पट्टा नसलेल्या भागात सूतगिरणी चालवणे सोपे नव्हते. राज्यात सहकारी गिरण्या एकामागून एक आजारी पडत असताना सांगोल्याची गिरणी टिकली, याचे श्रेय काटकसरीच्या कारभाराला द्यावे लागेल. मतदार गणपतरावांवर ‘आबासाहेब’ म्हणून जो विश्वास टाकत होते, त्याची मुळे अशा संस्थांत होती.

या यशाची दुसरी बाजूही आहे. सांगोला टिकला, पण पक्ष आक्रसत गेला. १९६७ मध्ये १९ आमदार असलेला शेकाप १९९९ मध्ये पाचवर आला आणि २०१४ मध्ये तीनवर. साखर कारखाने, बँका आणि सत्तेची साखळी काँग्रेसकडे गेली, तसे शेतकरी कार्यकर्तेही तिकडे गेले. गणपतरावांचा प्रभाव तालुक्याच्या वेशीबाहेर नैतिक वजनापुरता राहिला. त्यांच्या मार्गाने जाणारी नवी फळी राज्यात उभी राहिली नाही.

वयामुळे २०१९ मध्ये ते स्वतः उभे राहिले नाहीत. नातू डॉ. अनिकेत देशमुख उमेदवार होते आणि शहाजीबापू पाटलांकडून ७६८ मतांनी हरले. १९९५ मध्ये आजोबांना हरवणारेही शहाजीबापूच होते. ३० जुलै २०२१ रोजी सोलापुरात गणपतरावांचे निधन झाले. २०२४ मध्ये दुसरे नातू डॉ. बाबासाहेब देशमुख यांनी शहाजीबापूंचा पराभव करून जागा परत मिळवली. त्या निवडणुकीत संपूर्ण महाराष्ट्रात शेकापला मिळालेली ही एकमेव जागा होती.