न खणता परसबाग

पाऊस संपत आला की घराघरांतून कुदळी बाहेर पडतात. वाफे खणायचे, ढेकळे फोडायची, मग भाजी लावायची, ही आपली जुनी रीत. खानापूर-बेळगावकडच्या तांबड्या मातीत हे काम किती कष्टाचे ते आपल्या बायकांच्या कंबरेला विचारावे. एवढे करूनही मार्चमध्ये विहीर खाली गेली की वाफा विटेसारखा कडक होतो आणि भाजी बाजारातून येऊ लागते.

खणल्याने माती भुसभुशीत होते हे खरे, पण थोडेच दिवस. उघड्या मातीतला कुजलेला पालापाचोळा हवेने व उन्हाने लवकर संपतो, गांडुळांची बिळे मोडतात आणि जोराचा पाऊस वरची कसदार माती धुऊन नेतो. रानात कोणी नांगर धरीत नाही, तरी पाचोळा बाजूला सारला की खाली काळी, ओलसर माती सापडते. जपानचे शेतकरी मासानोबू फुकुओका यांनी भातशेतीतही हाच मार्ग धरला: नांगरणी बंद, पेंढा पुन्हा शेतात. त्यांचे पुस्तक १९७५ साली निघाले व १९८८ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आपल्याकडे पिंजर आधी जनावरांच्या तोंडी जाते, आणि ते योग्यच आहे. परसासाठी भिजून खराब झालेले पिंजर पुरते.

जागा स्वयंपाकघराजवळ, पाच-सहा तास ऊन मिळेल अशी घ्यावी. वाफा तीन फूट रुंद असावा, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात पोचतो आणि आत पाय द्यावा लागत नाही. गवत जमिनीलगत कापून तिथेच पाडावे. मात्र लव्हाळा व हरळी मुळासकट काढावी. कागद त्यांना अडवीत नाही. जमीन चांगली भिजवून तिच्यावर जुन्या खोक्यांचे पुठ्ठे किंवा वर्तमानपत्राचे सात-आठ पदर, एकावर एक चढवून अंथरावे. प्लास्टिकची पट्टी आधी काढावी. त्यावर चार बोटे गिरिपुष्पाचा हिरवा पाला, मग शेणकाला, मग वीतभर सुका पाचोळा व पिंजर, पुन्हा शेणकाला, आणि सर्वांत वर चार बोटे कुजलेले शेणखत व माती. प्रत्येक थर भिजवीत जावे. शेण किंवा हिरवा पाला कमी पडला तर सुका पाचोळा कुजताना मातीतला नत्र ओढून घेतो व रोपे पिवळी पडतात. पहिल्या वर्षी आमची वांगी अशीच पिवळी पडली होती. ताजी कोंबडीची विष्ठा तर मुळीच घालू नये, मुळे जळतात.

मारियामातेच्या जन्मोत्सवानंतर सामान जमवावे, ऑक्टोबरच्या आरंभी थर रचावे. ढीग निम्मा खाली बसतो, घाबरू नये. मृतांच्या स्मरणदिनाच्या सुमारास वांगी, टोमॅटो, मिरचीची रोपे लावावी व कडेने लाल माठ आणि मेथी पेरावी. बी उगवेपर्यंत तिथले पिंजर बाजूला ठेवावे. आगमनकाळात माठ काढणीला येतो. गाजर, मुळा पुढल्या वर्षी. पीक संपले की झाड उपटू नये, बुडाशी कापावे. मुळे आत कुजून पाण्याला वाट करतात. खोडाभोवती चार बोटे जागा मोकळी ठेवावी. पावसाळ्यात आच्छादन पातळ करावे, नाहीतर गोगलगायी माजतात. पिंजरात हात घालण्यापूर्वी काठीने हलवून पाहावे, साप असू शकतो.

लाल माठ, शेवग्याचा पाला यांत डोळ्यांना लागणारे अ जीवनसत्त्व बनविणारे द्रव्य असते. भाजीला थोडे तेल घातले तर ते अधिक चांगले अंगी लागते. पाल्यातले लोह शरीर थोडेच घेते, म्हणून वर लिंबू पिळावे आणि जेवणावर लगेच चहा घेऊ नये. अंगात रक्त कमी असलेल्या बायकांनी भाजी खावी, पण आरोग्य केंद्रातून मिळालेल्या लोहाच्या गोळ्या सोडू नयेत. वाफ्यात शेण असल्याने कोथिंबीर, मुळा, टोमॅटो कच्चे खाताना स्वच्छ पाण्यात दोनदा धुवावे. उपवासकाळ येईपर्यंत वांगी भरात असतात. त्या दिवसांत मटण बंद, तेव्हा ती उपयोगी पडतात.