कमरेचा रुमाल आणि साधी मराठी

योहानाच्या शुभवर्तमानात, तेराव्या अध्यायात, प्रभू येशू भोजनावरून उठतो, वस्त्रे काढून ठेवतो आणि कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतो. प्रिय वाचकहो, पाय धुणे आपल्या लक्षात राहते. वस्त्रे काढून ठेवणे विसरते. स्वतःला क्षुद्र म्हणवणे म्हणजे नम्रता नव्हे. सेवेच्या आड येणारा मोठेपणा उतरवून ठेवणे, ती नम्रता.

१८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी रमाबाईंना 'पंडिता' व 'सरस्वती' म्हणून गौरवले. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी दुष्काळातल्या निराधार मुली सांभाळल्या. बायबलची प्रचलित मराठी अशा साध्या बायाबापड्यांना जड जाई. म्हणून संस्कृतात पारंगत असलेल्या या बाई हिब्रू-ग्रीक शिकल्या आणि सगळे बायबल त्यांनी सोप्या मराठीत आणले. १९२२ मध्ये, मृत्यूच्या थोडे आधी, ते काम पुरे झाले.

आमच्या धर्माबादेत मराठीबरोबर तेलुगूही चालते; जिल्ह्यातल्याच किनवट-माहूरकडे गोंड, कोलाम घरांतली बोली आणखी वेगळी. जातीच्या दाखल्याचा अर्ज घेऊन आलेल्या आजीला 'सक्षम प्राधिकारी' ऐकवणे सोपे. (आमच्या अहवालांतही असे शब्द फार.) तिच्या नातीला मध्ये घेऊन, जमिनीवर बसून, एकेक रकाना समजावायला अर्धी दुपार जाते. तेवढा वेळ माझी ईश्वरविज्ञानाची पदविका पिशवीतच बरी.